छोटा कॅमेरा, मोठी नर्मदा

फोटोची हौस असलेला माणूस जबलपूरला निघाला की त्याची बॅग आधी भरते. फुल-फ्रेम कॅमेरा, एक वाइड लेन्स, एक लांब टेलिलेन्स, ट्रायपॉड... वजन सहज चार किलोंच्या पुढे जातं. या वेळी आई सोबत होती. वय ७२, गुडघे कुरकुरणारे, आणि मनात एकच इच्छा : नर्मदामाईचं दर्शन आणि संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी. म्हणून मोठी बॅग घरी ठेवली आणि खिशात मावेल असा छोटा कॅमेरा घेतला. त्याची लेन्स बदलता येत नाही, झूमही होत नाही.

असे कॅमेरे सध्या बरेच लोकप्रिय आहेत. रिकोचा जीआर ३ बॅटरीसकट जेमतेम २५७ ग्रॅमचा आहे. फुजीफिल्मचा एक्स१००-सिक्स त्याच्या साधारण दुप्पट वजनाचा. दोघांचाही सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान, पण मोबाइलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा. भिंतीवर लावण्याजोगा मोठा फोटो त्यातून आरामात निघतो.

जबलपूर शहरापासून भेडाघाट वीसेक किलोमीटरवर आहे. तिथल्या टेकडीवर कलचुरी राजवटीत, दहाव्या शतकाच्या सुमारास बांधलेलं चौसष्ट योगिनी मंदिर आहे. नाव चौसष्ट असलं तरी गोलाकार ओवरीत खण आहेत ८१. वर जायला शंभराहून जास्त पायऱ्या. आई म्हणाली, "तू पुढे हो, मी येते हळूहळू." पण माझे दोन्ही हात मोकळे होते. एका हाताने तिचा हात धरला, दर वीस पायऱ्यांनी थांबलो, आणि दोघंही वर पोहोचलो. भग्न मूर्तींसमोर ती एकेक करून थांबत गेली. माझ्याकडे लांबून टिपणारी लेन्स नव्हती, त्यामुळे फोटो घ्यायला मला तिच्या शेजारीच उभं राहावं लागलं. साहजिकच बऱ्याच फोटोंत मूर्तीही आहे आणि आईही.

पुढे धुवांधार धबधबा. पाणी इतक्या जोरात कोसळतं की तुषारांचा धूर उठतो, म्हणून हे नाव. इथे लेन्स बदलायला कॅमेरा उघडला तर सेन्सरवर थेंब बसण्याची भीती असते. आमच्याकडे बदलायलाच काही नव्हतं. समोरची काच मऊ कापडाने पुसत राहिलं की झालं. वर सांगितलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांत एनडी फिल्टर आतच बसवलेला असतो. हा म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. तो लावून, कॅमेरा कठड्यावर टेकवून शटर मंद ठेवलं की पाणी रेशमासारखं दिसतं. सकाळची वेळ त्यासाठी चांगली. मात्र झूम नाही म्हणून चार पावलं पुढे जाण्याचा मोह इथे टाळा. खडक ओले आणि निसरडे असतात. कठड्याच्या आत राहून जेवढं मिळेल तेवढंच घ्यावं.

नावेत बसल्यावर नावाड्याने यमकं जुळवत कड्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. भेडाघाटच्या नावाड्यांची ही खासियतच आहे. दोन्ही बाजूंना उंच खडक, कुठे पांढरे, कुठे राखाडी, कुठे गुलाबी झाक असलेले. फ्रेमभर पांढरा खडक आला की कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो. तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवावं. कड्याच्या टोकावर एक पक्षी बसला होता. माझ्या फोटोत तो ठिपक्याएवढा आला. हे नुकसान धरूनच चालावं लागतं. पण नेमकं तेव्हाच आईने पाण्यात हात बुडवला होता, आणि तो हात माझ्यापासून दोन फुटांवर होता.

कमी सामान घेऊन नर्मदा पाहण्याची थोर परंपरा याच शहरात आहे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी १९७७ पासून, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, तुकड्या-तुकड्यांनी नर्मदेची पदयात्रा केली. वाटेत रेखाटनं करायची आणि घरी येऊन त्यांवरून चित्रं, कोलाज घडवायची, अशी त्यांची रीत. त्यांच्या चित्रांत नदीइतकीच नदीकाठची माणसं आहेत : घाटावरच्या बायका, यात्रेकरू, नावाडी.

संध्याकाळी ग्वारीघाटावर आरती होते. छोट्या कॅमेऱ्याचं शटर जवळजवळ मुकं असतं, त्यामुळे हात जोडून उभ्या असलेल्या कुणाचंही लक्ष विचलित होत नाही. दोन-चार फोटो काढून मी कॅमेरा खिशात टाकला आणि आईसोबत पाण्यात दिवा सोडला.

तुम्हीही जाणार असाल तर हिवाळा उत्तम. पावसाळ्यात भेडाघाटची नौकाफेरी बंद असते. पुढे कान्हाच्या जंगलात वाघ पाहायला जाणार असाल, तर लांब लेन्स घ्याच. तिथे छोटा कॅमेरा कामाचा नाही. पण घरच्यांसोबत घाट, देऊळ आणि नाव एवढाच बेत असेल, तर खिशातला कॅमेरा पुरतो. आमच्या बैठकीत आता एकच मोठा फोटो लावलाय : हिरवट पाणी, मागे पांढरा कडा आणि पाण्यात आईचा हात.