जिंकलं कोण?

मुलांनो, पुण्याच्या बाजीराव रोडवर नातूबागेत शिरलात की राजा दिनकर केळकर संग्रहालय लागतं. अडकित्ते, दिवे, मस्तानी महाल, काय काय आहे तिथे! आमच्या चौथीच्या वर्गाची रांग अशीच हे बघ, ते बघ करत चालली होती. ती एका चित्रापाशी अडली.

चित्रात दोन रथ समोरासमोर. दोन्ही रथांत एकेक वीर, धनुष्य ताणून उभा. अन् डोळे केवढे! अर्धा चेहरा डोळ्यांनीच व्यापलेला. मध्ये बाणच बाण. आमच्याकडे एक मुलगा आहे, हजेरीलासुद्धा पुटपुटतो. त्यानं चक्क मोठ्यानं विचारलं, "बाई, जिंकलं कोण?"

मी पाटी वाचली. चित्रकथी, पैठण शैली, एवढंच लिहिलेलं. जिंकलं कोण, ते मलाही सांगता येईना!

पण खरं सांगू का, ते चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलंच नव्हतं. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगणारा माणूस. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे, म्हणजे सिनेमाच्या कितीतरी आधीची ही गंमत! रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची तीसचाळीस चित्रं असत. त्या गठ्ठ्याला म्हणायचं पोथी. रात्री देवळात लोक जमले की चित्रकथी एक चित्र उभं धरी, वीणा, टाळ, हुडुक वाजत आणि गाणं नि गोष्ट सुरू होई. प्रसंग संपला की चित्र उलटायचं. कागद टिकावा म्हणून दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत ना! म्हणजे पाहा, आमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित मागच्याच बाजूला असेल, आणि ती बाजू भिंतीकडे!

जुनी फाटलेली पोथी पाण्यात विसर्जन करायची रीत होती. देवाची कथा, ती रद्दीत कशी द्यायची? त्यामुळे किती चित्रं गेली असतील कोण जाणे. केळकरांसारख्यांनी जमवली म्हणून थोडी तरी आपल्याला दिसतात. दिनकर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावानं कविता करत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याचं नाव या संग्रहालयाला दिलंय. गावोगाव हिंडून जमवलेल्या हजारो वस्तू त्यांनी शासनाला देऊन टाकल्या.

चित्रं राहिली, पण सांगणारा? त्यासाठी कोकणात जावं लागतं, सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीला. तिथल्या ठाकर समाजानं ही कला सांभाळली आहे. परशुराम गंगावणे यांनी तर आपल्या गुरांच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं! २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे चित्रं आहेत आणि ती बोलकी करणारी माणसंही आहेत. मला विचाराल तर गोठ्यातलं संग्रहालय मी आधी बघेन. (केळकर संग्रहालय तर आपल्या घरचंच, केव्हाही जाता येतं.)

पुण्यातल्या वर्गाला पिंगुळी लांब पडते. म्हणून आम्ही वर्गातच पोथी केली. ड्रॉइंगचे कागद, घरून आणलेली खळ. पाठीला पाठ चिकटवताना निम्मे कागद सुरकुतले, दोन तर उलटेच चिकटले. वाद्य म्हणून कुणी पट्टी वाजवली, कुणी डबा. गोष्ट आमचीच, गल्लीतल्या क्रिकेटची. सांगायला कोण उठलं असेल? तोच पुटपुट्या!

शेवटची ओव्हर. बॅट उगारलेली, चेंडू हवेत, डोळे हे एवढे मोठे काढलेले. गोष्ट सांगता सांगता तो थांबला. सगळा वर्ग ओरडला, "अरे, जिंकलं कोण?"

"थांबा," तो म्हणाला, "उलटू दे की!"