टाक्यांना हात लावू नकोस

मिरज, शनिवार

चि. बाळू यास,


काल फोनवर तू प्रत्येक वाक्याला "हो अक्का, हो अक्का" म्हणत होतास. पस्तीस वर्षं वॉर्डात काढली मी, हा असला 'हो' मला लगेच कळतो. म्हणून लिहून धाडतेय. उद्या भाचा येतोय, त्याच्या हाती देते. वहिनींना एकदा मोठ्यानं वाचून दाखव आणि कपाटाच्या दाराला चिकटवून ठेव.

गुरुवारी तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. कातडीच्या कडा वरवर चिकटायला एक-दोन दिवस लागतात, तोवर थिएटरातली पट्टी आहे तशी राहू दे. पुढे आंघोळ कधी, पट्टी कधी बदलायची, हे डिस्चार्जच्या कागदावर असेल. माझं आणि डॉक्टरांचं जुळलं नाही तर त्यांचं ऐक.

आता तुला एक सांगते, आजवर घरात कुणाला बोलले नाही. सासूबाईंचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रेसिंग मीच करत होते. परक्यांच्या जखमेला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबण चोळणारी मी, घरात मात्र भाकरी थापता थापता उठायची, पदराला हात पुसायची आणि पट्टीचा कोपरा उचलून बघायची. दिवसातून तीनदा. काळजीनंच. सहाव्या दिवशी खालचे दोन टाके पिकले आणि उसवले. मग तेवढा भाग उघडाच ठेवून, रोज आत गॉज भरून, तळापासून भरून यायची वाट बघावी लागली. दीड महिना गेला. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "माझी सून नर्स आहे म्हणून वाचले." मी मान खाली घालायची.

तेव्हा बघायला येईल त्याला चहा पाज, पण पट्टी उघडून दाखवू नकोस. आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे नव्या जावयासारखं, आल्यागेल्यानं बघून जायचं.

हळदीचं विचारलंस. हळदीशी माझं वैर नाही, पण डब्यातली हळद म्हणजे ओला चमचा, आमटीचा हात आणि गिरणीची धूळ. टाक्यांवर नको. दूध-हळद पी हवी तर. आणि गावात अजून कॅप्सूल फोडून तिची पूड जखमेवर टाकतात, तेही नको. गोळ्या पोटातून घ्यायच्या, लिहून दिलेल्याच, आणि कोर्स पुरा करायचा. "पू वाहून गेला की जखम लवकर भरते" असं कुणी म्हणालं तर सोडून दे. विलायतेतले सर्जनही एके काळी हेच मानत. १८६७ साली लिस्टरनं कार्बोलिक ॲसिड वापरून पू होऊच न देता जखमा भरून दाखवल्या. मिरजेला शिकताना आम्हाला हा धडा होता, आणि रात्रपाळीत आम्ही गॉजच्या घड्या घालून निर्जंतुक करायला ड्रम भरायचो ते त्याचंच पुढचं काम.

घरी पट्टी बदलायला सांगितली असेल तर वहिनींनी बांगड्या वर सारून, अंगठी काढून, हात साबणानं धुवावेत. जुनी पट्टी काढल्यावर पुन्हा धुवावेत. गॉजचं पाकीट आयत्या वेळी फोडायचं, जखमेला लागणारी बाजू बोटानं धरायची नाही. गॉज चिकटला असेल तर ओढायचा नाही, सलाइननं ओला करून सुटू द्यायचा. कापूस थेट टाक्यांवर ठेवायचा नाही, त्याचे तंतू अडकतात. जुन्या धोतराच्या चिंध्या कुणी कितीही उकळल्या तरी त्या चुलीजवळ राहू देत.

डॉक्टर पाणी चालेल म्हणाले की तांब्यानं अंगावर घे, जागा घासू नकोस, स्वच्छ पंच्यानं टिपून घे. कृष्णेत डुंबणं मात्र जखम पुरती सुकेपर्यंत बंद.

सुरुवातीला पातळ गुलाबी लस थोडी येते, ताण बसतो, पुढे खाजही सुटते. खाजवायचं नाही. आणि लाजू नकोस, स्पष्ट लिहिते: हर्नियाच्या ऑपरेशननंतर आतलं रक्त खाली उतरतं, जांघेत आणि खाली निळंकाळं पडतं, थोडी सूज येते. पुरुषमाणसं घाबरून गप्प बसतात. ते हळूहळू ओसरतं, घट्ट चड्डीनं आराम पडतो. पण सूज वाढतच चालली, किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी निघ.

दुखणं रोज उतरायला हवं. तीन-चार दिवसांनी ते उलट वाढलं, तर गडबड आहे. लाली पसरतेय असं वाटलं तर तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ मार, काही तासांनी बघ. रेघेबाहेर गेली असेल तर वाट बघू नकोस. ताप, पू, वास, टाका सुटणं, यातलं काहीही झालं की थेट दवाखाना. आत जाळी बसवलीय, ती पिकली तर दुरुस्ती सोपी नसते.

आता ताकदीचं. टाके निघतात त्या दिवशी त्या कातडीत रुपयातला जेमतेम दीड आणा जोर असतो. तीन महिन्यांनी बारा-तेरा आणे येतो. सोळा आणे पुन्हा कधीच नाही. म्हणून वैरणीचा भारा, धारेची भरलेली चरवी, मोटारसायकलची किक, हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, म्हणजे महिना-दीड महिना धरून चाल. झोपून मात्र राहू नकोस, अंगणात फेऱ्या मार. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार देऊन बसायचं. खोकला आला की उशी त्या जागी दाबून धरायची. कुंथायची वेळ येऊ नये म्हणून पाणी भरपूर पी, भाजी खा. वरणभातानं पू होतो हे खोटं. डाळ, अंडी खा, जखम त्यावरच भरते.

आणि तंबाखू. पिशवी उशीखाली आहे, हे वहिनींनी मला सांगितलंय. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त पुरेसं पोचत नाही. पिशवी भाच्याकडे दे.

टाके दहाव्या-अकराव्या दिवशी, म्हणजे पुढच्या नव्हे त्याच्या पुढच्या सोमवारी, ऑपरेशन केलं तिथेच काढून घ्यायचे. खालच्या आळीतल्या कंपाउंडरला घरी बोलावू नकोस, तो ब्लेडनं काढतो.

मी शनिवारी येते. तोवर वैरण कुणी आणायची ते मी आणि वहिनींनी ठरवलंय. तुला विचारलेलं नाही.

तुझी,
अक्का