मुंबईचा बंदगळा

अब्बांच्या हातात कोणताही शिवलेला कपडा द्या, ते आधी तो उलटा करतात. रंग, नक्षी, बटणं हे सगळं नंतर. आधी अस्तर, शिलाईच्या आत सोडलेलं कापड, खिशाची पिशवी, काजाचे टाके. मागच्या नोव्हेंबरात धरमपेठेतल्या एका शोरूममध्ये त्यांनी हेच केलं तेव्हा तिथला टायवाला सेल्समन दचकलाच. शेरवानी 72 हजारांची होती आणि अब्बांनी तिची बाही मोज्यासारखी उलटी केली होती.

डिसेंबरात धाकट्या भावाचा निकाह होता. त्याला 'डिझायनर' शेरवानी हवी होती. तो पुण्याला नोकरी करतो, पैसे त्याचेच होते, म्हणजे आम्ही अडवायचं काही कारण नव्हतं. मला सोबत नेलं कारण घरात कपड्यांचा शौकीन मी. अब्बांना नेलं कारण न नेणं वाईट दिसलं असतं. मोमीनपुऱ्यात चाळीस वर्षं शिवणाऱ्या माणसाचा मुलगा लग्नाचा जोडा बाहेरून घेतोय, हे त्यांना निदान आमच्याकडून कळावं, एवढीच माझी इच्छा.

अब्बांनी छातीचा भाग दोन बोटांत धरून चोळला. "कॅनव्हास नहीं है. चिपकाया है," ते म्हणाले. हे थोडं सांगायला हवं. कोट किंवा शेरवानीची छाती उभी राहावी म्हणून वरच्या कापडाच्या आत एक जाड थर असतो. जुने मास्टर तो हाताने, शेकडो बारीक टाके घालून बसवतात. तसा कोट अंगाच्या उबेने हळूहळू माणसाचा आकार घेतो. आता बहुतेक ठिकाणी तो थर गरम प्रेसने चिकटवतात. काम मिनिटांत होतं, दिसतंही छान, पण काही ड्रायक्लीननंतर गोंद सुटला की छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे उठतात. मे महिन्यात पारा 46-47 वर जाणाऱ्या गावात वर पॉलिस्टरचं अस्तरही असेल तर घालणाऱ्याचं काय होत असेल, ते त्यालाच माहीत.

मी मनात खूश झालो होतो. तेवढ्यात अब्बांनी भावाला ती घालायला लावली, हात वर कर म्हणाले, मिठी मारल्यासारखे दोन्ही हात पुढे घे म्हणाले. मग बराच वेळ गप्प. आणि म्हणाले, "मुंढा अच्छा काटा है. मेरे से अच्छा."

मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर. अब्बांच्या पिढीचे शिंपी तो सैल, खाली कापतात, गिऱ्हाइकाला आरामात जावा म्हणून. प्रत्यक्षात होतं उलटं: खाली कापलेल्या मुंढ्यात हात वर केला की अख्खा कोट वर चढतो. वर, काखेला लागून कापलेला मुंढा हाताला मोकळा सोडतो आणि कोट जागचा हलत नाही. मी हे त्यांना दहा वर्षं सांगतोय. 72 हजारांच्या शेरवानीने ते एका मिनिटात पटवलं. डिझायनरचे पैसे फक्त नावाचे असतात असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. नेहमी तसं नसतं.

मग सेल्समन उत्साहाने म्हणाला, "अंकल, प्युअर सिल्क आहे." तिथेच व्यवहार मोडला. अब्बा म्हणाले, मग नको. इस्लामी शरियतमध्ये पुरुषाला शुद्ध रेशीम आणि सोनं मना आहे, हे वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. बिचाऱ्याला मात्र माल अस्सल आहे म्हणून उठणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. तो हळूच जवळ येऊन म्हणाला, "तसं थोडं मिक्सिंग असतं, अंकल." अब्बा हसले. मिक्सिंगचे 72 हजार का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. जिने उतरताना मला मात्र विचारला.

माझा शौक कुठून आला, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. पणजोबा हातमागावर विणायचे; 1857 नंतर उत्तरेकडून नागपूर, कामठी, मालेगाव, भिवंडीला येऊन वसलेल्या मोमीन विणकरांपैकी आमचं घर. दादा एम्प्रेस मिलमध्ये साच्यांवर होते. जमशेटजी टाटांनी ही गिरणी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस. आज त्या जागेवर मॉल आहे. तिथे मी माझ्या पहिल्या पगारातून पहिला ब्रँडेड शर्ट घेतला आणि दादीला दाखवला, तर ती म्हणाली, "तेरे दादा यहीं कपडा बनाते थे, तू यहीं से खरीद के लाया." कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

पण विणकराच्या घरात कापड ओळखायला शिकवावं लागत नाही. कोणत्या कापडाला कशी सुरकुती पडते, कोणतं दोन धुण्यांत मरतं, हे हाताला कळतं. मी मासिकं चाळत मोठा झालो. राघवेंद्र राठोडांनी जोधपुरी बंदगळ्याला पुन्हा कसा रुबाब दिला, रोहित बल यांच्या शेरवान्यांवर काश्मीरची कमळं आणि मोर कसे यायचे, हे सगळं बर्डीच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या अंकांत पाहिलं. पुढे कळलं की शेरवानी हीच मुळात मिसळ. एकोणिसाव्या शतकात आपल्या अचकनीला इंग्रजांचा फ्रॉक कोट भेटला आणि ती जन्मली. अलीगढच्या विद्यार्थ्यांची काळी शेरवानी आणि हैदराबादच्या निजामी दरबारातली शेरवानी, दोन्ही त्यातूनच. आमच्या मोहल्ल्यात तिला 'इस्लामी लिबास' म्हणून छातीठोक सांगणारे आहेत. त्यांना मी हे सांगत नाही. लग्नात कशाला वाद.

रेशमाकडे परत येतो, कारण मला हा विषय फार आवडतो. बंदी आली की कारागीर वाट काढतो. मशरू हे कापड त्यातलंच. वरच्या बाजूला रेशमाचे धागे, अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. नावाचा अर्थच शरियतला मान्य असलेलं. दुसरं आपल्या महाराष्ट्रातलं हिमरू, औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर, पण आमच्या तोंडी अजून जुनंच नाव बसलंय). त्यात उभा धागा सुताचा, आडवा रेशमाचा. किनखाबाची हौस आणि सुताचा दिलासा, दोन्ही एकत्र. निजामाच्या राज्यात हिमरूच्या शेरवान्या मानाच्या होत्या. हदीसमध्येही सवलती आहेत. चार बोटं रुंदीच्या रेशमी काठाला परवानगी आहे. अंगाला खाज सुटायची म्हणून दोन सहाबींना रेशीम घालू दिलं होतं. नियम आहे, पण माणसाची त्वचा पाहून आहे, हे मला त्यात आवडतं.

आणि गर्वाचं काय? मला मशिदीत एका बुजुर्गांनी माझ्या बुटांकडे पाहून विचारलं होतं, "मियाँ, नमाज को आए हो या नुमाइश को?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं, बूट नवे होते आणि माझं लक्ष चपलांच्या कपाटाकडे होतं. पण हाच प्रश्न पैगंबरांना विचारला गेला होता, माणसाला आपले कपडे आणि जोडे चांगले असावेत असं वाटलं तर तो गर्व का? उत्तराचा आशय असा, की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं; गर्व म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. मला पूर्वी हे उत्तर म्हणजे शौकिनांना मिळालेली सूट वाटायची. आता त्यातला दुसरा भाग जास्त टोचतो. का, ते पुढे येईलच.

नागपुरात नीटनेटक्या कपड्यांची चेष्टा करताना जरा जपून करावी. इथे दीक्षाभूमी आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला पांढरे कपडे घालून लाखो लोक त्या मैदानात जमले होते. त्यांच्यात अशीही घरं होती, जिथे आजोबांना स्वच्छ, धड कपडे घालण्यावरूनही गावात बोलणी खावी लागत. बाबासाहेबांचा सूट, टाय, कोटाच्या खिशातला पेन, हा निव्वळ पेहराव नव्हता, हे इथल्या प्रत्येक चौकातला पुतळा सांगतो. अब्बांकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी इंदोऱ्याकडून निळ्या सुटांची कामं येतात. एक म्हातारे गिऱ्हाईक दरवेळी म्हणायचे, "मास्टर, कॉलर कडक पायजे बरं का, मान खाली झाली नाय पायजे." अब्बांनी त्या कॉलरला कधी गोंद वापरला नाही.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी अब्बांनी मला एक बंदगळा शिवून दिला. गडद बाटलीहिरवा, सुती अस्तर, कॉलर सव्वा इंच, कारण माझी मान आखूड आहे. मान आखूड असेल त्याने दीड-दोन इंची कॉलर घालू नये, कासव दिसतं. त्यावर मी शाईनिळा रुमाल ठेवला, चांदीची अंगठी आणि अकीक. ऑफिसच्या कार्यक्रमाला घालून गेलो. एका सहकाऱ्याने (नाव लिहीत नाही, तो हे वाचतो) कापड हातात घेऊन विचारलं, "कुठला रे?" आणि मी मुंबईच्या एका डिझायनरचं नाव सांगितलं.

का, याची उत्तरं मी स्वतःला बरीच देऊन पाहिली. मोमीनपुरा म्हटलं की पुढचा प्रश्न कपड्याबद्दल नसतो, हा माझा अनुभव आहे. तिकडे रात्री जाता येतं का, गल्ल्या फार अरुंद ना, बिर्याणी कुठली चांगली. मीही टोपी खिशात ठेवून ऑफिसात शिरणाऱ्यांपैकी. दारात मला आधी चांगल्या कपड्यातला माणूस म्हणून पाहावं, मग बाकी सगळं, यासाठीही मी इस्त्री कडक करतो. पण सगळा दोष समोरच्याच्या माथी मारणं खरं होणार नाही. त्याने तसं काहीच विचारलं नव्हतं. शिंप्याचा मुलगा असण्यापेक्षा महाग विकत घेणारा असणं मला त्या क्षणी बरं वाटलं, एवढंच.

पुढच्या ईदला तो घरी आला. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन अब्बांना म्हणाला, "काका, तुमचा मुलगा फार शौकीन. मुंबईचा तो हिरवा बंदगळा काय दिसतो त्याला!" अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला विचारलं, "साखर कमी झाली का?" आणि आणखी एक चमचा वाढायला अम्मीला हाक मारली. त्या गोष्टीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

तर शेरवानी. शोरूममधून घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "अब्बा, आपही सी दो." अब्बांनी चष्मा पुसत विचारलं, "नजर पे भरोसा है?" हिमरू आम्ही औरंगाबादहून मागवलं, फिक्या बदामी रंगावर बारीक बुट्टी. अब्बांनी खाकी कागदावर मुंढा चार वेळा कापला, मला घालून पाहायला लावला, पुन्हा फाडला. शोरूममध्ये त्यांनी वितीने मोजून ठेवला होता, हे तेव्हा कळलं. ही चोरी का? मी स्वतः डिझायनरांच्या बाजूने वाद घालणारा माणूस. कुणाची नक्षी जशीच्या तशी उचलून तिसऱ्या दिवशी बाजारात आणतात ते मला पटत नाही. पण खांद्याच्या एका वळणाबद्दल मी अब्बांशी भांडू शकलो नाही. शिंप्यांच्या धंद्यात शिकणं असंच होत आलंय, पाहून आणि उलटं करून. सुईत दोरा ओवून द्यायला रात्री मी बसायचो. काज त्यांनी स्वतःच केले, अकरा. शेवटचे दोन थोडे वाकडे आहेत, फक्त आम्हा दोघांना माहीत.

बाकीचं पटापट ठरलं. मोजडी इतवारीतून, घड्याळ स्टीलचं, अत्तर खसाचं. भाऊ म्हणाला, खस उन्हाळ्यात, डिसेंबरात कशाला. पण ज्याचं बालपण कूलरच्या ओल्या खस-टट्ट्यांसमोर गेलं त्याला तो वास म्हणजे घरच. मुलीकडच्यांनी प्रेमाने सोन्याची अंगठी आणली होती. अम्मीने ती हसून घेतली आणि लग्नानंतर थोडी लहान करून सुनेच्याच बोटात घातली.

निकाहच्या आदल्या रात्री अब्बांनी दुकानातून पत्र्याचा एक डबा आणला. त्यात विणलेली लेबलं होती, दुकानाचं नाव आणि खाली 'मोमीनपुरा, नागपूर'. धंदा जोरात होता त्या काळात एकदाच करून घेतलेली, मग परवडेनात म्हणून जपून ठेवलेली. त्यांनी एक काढलं आणि शेरवानीच्या आत, डाव्या खिशाच्या वर, चारही बाजूंनी हातशिलाईने बसवलं. भावाने फोटो काढला, शेरवानीचा नाही, लेबलचा.

मी आत जाऊन माझा हिरवा बंदगळा घेऊन आलो आणि त्यांच्यासमोर उलटा करून ठेवला. त्यांनी तो पाहिला, अस्तरावर एकदा हात फिरवला, डब्याचं झाकण लावलं.

"इसको काय को?" ते म्हणाले. "ये तो मुंबई का है ना."