दाभोळचा दुसरा वलीमा

खेडला रेल्वेतून उतरून दापोलीमार्गे दाभोळला पोहोचलो तेव्हा असरची नमाज होऊन गेली होती. मामूंच्या मुलाचा वलीमा दुसऱ्या दिवशी होता. डिसेंबरचे दिवस. वाशिष्ठीच्या खाडीवरून गार वारा येत होता. पलीकडच्या धोपाव्याहून फेरीबोट येताना दिसत होती. गुहागरकडचे पाहुणे तिनेच येणार होते.

बंदराजवळ ती जुनी दगडी मशीद आहे. कोणी तिला शाही मशीद म्हणतात, कोणी अंडा मशीद. विजापूरची शाहजादी आयशाबीबी मक्केला जाण्यासाठी दाभोळला आली, पण समुद्रातल्या धोक्यांमुळे तिचे जाणे राहिले. तेव्हा प्रवासासाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला, असे इथले लोक सांगतात. मुलांना ही हकिकत सांगत आम्ही घर गाठले.

वलीमा छान झाला. बिर्याणी होती, बिनहाडाच्या कोंबडीचे तळलेले तुकडे होते. पाहुणे दुआ देत उठले. रात्री भांडी आवरताना आमचे लक्ष नानींच्या ताटलीकडे गेले. तिच्यात नुसती पेज होती. दात नाहीत, तळलेले चावत नाही, बिर्याणीचा मसाला सोसत नाही. दिवसभर पाहुण्यांना आग्रह करणाऱ्या आमच्यापैकी एकालाही, घरातल्या सर्वांत वडील माणसाने काय खाल्ले, हे विचारायचे सुचले नव्हते.

त्याच वेळी फ्रीजमध्ये जागा करताना एक मोठा टोप हाती लागला. तळण्यासाठी मांस काढून घेतल्यावर उरलेल्या कोंबड्यांच्या पाठी, माना, पंखांची टोके आणि साफ केलेले पाय त्यात होते. "मामी, हे टाकून देऊ का?" आम्ही विचारले.

"टाकताय काय! नानींचा वलीमा अजून व्हायचाय," मामी म्हणाल्या.

फज्रनंतर चूल पेटली. मामींचा हिशेब सोपा होता: किलोभर हाडांना तीन लिटर पाणी, आणि तेही थंडच. पाणी हळूहळू तापले की हाडांतला मळ फेसाबरोबर वर येतो. तो पळीने काढून टाकला. मग कांदा, लसूण, आले आणि फडक्यात बांधलेली मिरी, बडीशेप, दालचिनी टाकली. "खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर पाणी गढूळ होतं," मामी सांगत होत्या. कलेजीही यात घालायची नाही, तिने कडवटपणा येतो. मीठ शेवटी, कारण पाणी आटते तसा खारटपणा वाढतो. तीन तास मंद आचेवर ठेवून यखनी गाळली. मानांवरचे मऊ मांस बोटांनी सोडवून बारीक केले आणि मूठभर तांदळाबरोबर थोड्या यखनीत शिजवले. वरून कोथिंबीर आणि लिंबू.

उरलेल्या यखनीचे भांडे मामींनी गार पाण्याच्या घमेल्यात ठेवले आणि निवताच फ्रीजमध्ये सरकवले. दुपारी पाहिले तर ती खरवसासारखी थिजली होती. हा पायांचा गुण. अशी यखनी तीन दिवस टिकते; लागेल तेवढीच काढून पुन्हा चांगली उकळायची.

नानींनी पहिला वाडगा संपवला, दुसरा मागितला, आणि मग विचारले, "शेजारी दिलंत का?"

आम्ही गप्प. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. अबू जर (रजि.) यांना रस्सा करताना पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितले होते. ही हदीस आम्ही मदरशात पाठ केली होती. नानींनी ती पाठ केली होती की नाही ठाऊक नाही, पण वाडगा हातात असताना त्यांना शेजार आठवला. पलीकडच्या घरातल्या खारवी आजी तापाने पडून होत्या. आमची धाकटी झाकलेला डबा घेऊन गेली आणि परतली ती त्याच डब्यात ओली काजूबोंडे... नव्हे, अजून हंगाम नव्हता. परसातली दोन लिंबे घेऊन.

निघताना आम्ही पुन्हा त्या मशिदीवरून गेलो. राहिलेल्या प्रवासाचा पैसाही कारणी लागतो, मग राहिलेली हाडे का नाही? आता मुंबईत कोंबडी घेताना पाठी आणि माना आम्ही मागून घेतो. आणि दावत असली की सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: घरातल्या मोठ्यांना जे खाता येईल, ते शिजले आहे ना?