जोर कुणाचा, कुणाला?

नातवंडांबरोबर बुद्धिबळाचा पट मांडला की एक प्रश्न हमखास निघतो. दोन-तीन मोहरे मिळून एकाच घरावर हल्ला करतात, तेव्हा नेमके काय घडते? सगळ्यांचे बळ एकवटून एकच मोठा घाव बसतो, अशी मुलांची समजूत असते. तसे नसते. मारणारा मोहरा एका खेळीत एकच असतो. इतर मोहरे त्याला जोर देतात. म्हणजे तो मारला गेलाच, तर मारणाऱ्यास परत मारण्याची सिद्धता ठेवतात.

कवठे येमाईच्या आमच्या घरी हा प्रश्न माझ्या पुतणीने आबांना विचारला. आबांचे वय ७८. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू दुबळी झाली, बोलणे संथ झाले. बोटांना सराव व्हावा म्हणून लहान वस्तू उचलून ठेवण्याचा सल्ला मिळाला होता. आबांनी त्यासाठी बुद्धिबळाचे मोहरे निवडले. ते देशी पद्धतीचे खेळाडू. त्यांचे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. पुतणीचे प्यादे शाळेत शिकलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाने आरंभी दोन घरे जाऊ शकते. जोराचे गणित मात्र दोन्हीकडे सारखेच.

ते आपणही ध्यानी घ्यावे. ज्या घरावर डोळा आहे, तेथे मारू शकणारे किती आणि राखणारे किती, हे आधी मोजावे. मारणारे तीन व राखणारे दोन असतील, तर ते घर बहुधा हाती येते. एकामागे एक उभे असलेले दोन हत्ती दोन्ही मोजावेत. पुढचा कामी आला की मागच्याची वाट मोकळी होते. मात्र सुरुवात हलक्या मोहऱ्याने करावी. प्याद्याचे मोल १ धरले, तर घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९. वजीर आधी पुढे घातला आणि तो प्याद्याने टिपला, तर संख्याबळ असूनही नुकसान आपलेच.

पुतणीने मोजणी पूर्ण केली, तेव्हा आबांनी एका घोड्यावर बोट ठेवले. "हा धरू नको. हा राजाचा आडोसा आहे." तो घोडा हलला असता, तर राजाला थेट शह बसला असता. नियमाने त्याला हलताच येत नव्हते. दिसायला तो राखणदार होता, मोजणीत शून्य.

घरात आजारी माणूस असले की हीच मोजणी करावी लागते. आमच्याकडे आई, भाऊ, वहिनी आणि मी, असे चौघे आहोत. पण भाऊ रांजणगावच्या कारखान्यात पाळीने जातो. रात्रपाळीच्या आठवड्यात आबांना रात्री उठवायला तो नसतो. वहिनी पहाटे चारला गोठ्यात असते. उरते आई, आणि तिचेही गुडघे दुखतात. तिला जोर कुणाचा? म्हणून भावाच्या रात्रपाळीत आबांच्या खोलीत मी झोपतो आणि आई दुसऱ्या खोलीत शांत झोप घेते.

एका बाबतीत मात्र पटाचा नियम उलटा करावा लागतो. आबांना खाटेवरून खुर्चीत बसवताना दोघांनी एकाच क्षणी, एकाच दिशेने आधार द्यायचा असतो. आम्ही आधी तीन अंक मोजतो. दुबळा हात धरून कधीही ओढू नये. खांद्याला इजा होते. ही पद्धत आपल्या भौतिकोपचारतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष पाहून शिकून घ्यावी.

बुद्धिबळाने पक्षाघात बरा होतो, असे मी म्हणणार नाही. औषधे, रक्तदाबाची तपासणी आणि नेमलेले व्यायाम चुकवू नयेत. तरीही ज्या माणसाला दिवसभर इतरांच्या आधाराने उठावे-बसावे लागते, तो पटापाशी इतरांना शिकवू शकतो. म्हणून आजारी आहेत, या दयेपोटी त्यांना मुद्दाम जिंकू देऊ नये. पुतणीने एकदा तसे करून पाहिले. आबांनी तिची खेळी परत घ्यायला लावली आणि म्हणाले, "नीट मोज, मग मार."