रहाट आणि रोटरी

आमच्या घराण्यात गोल फिरण्याची हौस दोघांनाच. एक आमचे आप्पा, दुसरा पुतण्या बंड्या. आप्पांची निष्ठा नागावच्या वाडीतल्या रहाटावर, बंड्याची जपानच्या माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनावर. मी मधला, विहिरीवर विजेचा पंप बसवून दोघांच्याही मनातून उतरलेला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. वीज गेली ती गेलीच. स्वतःच्या हातांनी लावलेली झाडं आडवी बघून आप्पा तीन दिवस अवाक्षर बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "रहाट जुंपा."

घरात बादली होती, दोर होता. पण आप्पांना सांगणार कोण? बैल विकून वीस वर्षं झालेली. बैलांच्या जागी मी आणि बंड्या. मी वयाने ज्येष्ठ म्हणून आतला बैल.

दोन फेऱ्यांत मला धाप लागली, बंड्याला मात्र वाचा फुटली. "काका, नेहमीचं इंजिन म्हणजे मुसळ, वरखाली नाचणारं. रोटरी म्हणजे जातं! आत तिकोनी रोटर गरगरतो. कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची. माझदाने १९६१ साली एनएसयू या जर्मन कंपनीशी करार केला. पण रोटरच्या कोपऱ्यांवरच्या पट्ट्या आतल्या भिंतीवर ओरखडे काढायच्या. 'सैतानाची नखं' म्हणत त्यांना. केनिची यामामोतोंनी ४७ इंजिनिअर कामाला लावले, तेव्हा कुठे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली."

"मग?" ओटीवरून आवाज आला. आप्पांचा!

"मग काय आजोबा, इंजिन पेट्रोल फार पितं. १९७३ ला तेल भडकलं, गिऱ्हाइकं पळाली. बाकीच्या कंपन्यांनी नाद सोडला."

"ह्यांनीही सोडला?"

"छे! १९७८ ला आरएक्स-७ काढली. १९९० ला तीन रोटरांची आलिशान युनोस कॉस्मो. १९९१ ला फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली. त्याआधी एकाही जपानी गाडीला ती जिंकता आली नव्हती. २०१२ ला मात्र आरएक्स-८ थांबली आणि संपलं."

एवढ्यात रहाट कुरकुरला, पोहरे वर आले आणि पन्हळीत पाणी खळखळलं. आप्पा उठून काठावर आले. ओंजळभर पाणी तोंडावर मारून म्हणाले, "पोफळीची रोपं बघून ठेवा."

पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात आणि आप्पा तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. हा हिशेब मला येत होता. पण बैलाने हिशेब करायचा नसतो. मी फिरत राहिलो.

२०२३ च्या जानेवारीत बंड्याचा फोन आला. माझदाने रोटरी परत आणली होती! फक्त आता ती चाकं फिरवत नाही. विजेवरच्या गाडीत बसून बॅटरी भरते. मी आप्पांना सांगितलं. ते गुडघाभर वाढलेल्या रोपांना पाणी घालत होते, पंपाच्या नळीने.

"कामाला आहे ना?" ते म्हणाले. "मग झालं तर."

आणि नळी माझ्या हातात देऊन रहाटाला तेल घालायला गेले.