पेवाचं तोंड

भुंगा मारणं अवघड नाही, गॅस कोंडणं अवघड आहे. खामगाव-मलकापूरकडच्या गोदामांत हरभऱ्याच्या अन् तुरीच्या थप्प्यांना गॅस देता देता वीस वर्षं गेली, त्यातून एवढं एक वाक्य पदरी पडलं.

गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. 3 ग्रॅमच्या गोळीला हवेतली ओल लागली की साधारण 1 ग्रॅम फॉस्फिन सुटतो. तागाचं बारदान त्याला आडकाठी करत नाही. पोत्याच्या मधोमध, दाणा पोखरून बसलेल्या अळीपर्यंत तो पोचतो, म्हणून तर कामाचा. पण जो इतक्या सहज आत शिरतो, तो तितक्याच सहज बाहेरही पडतो. म्हणून थप्पीवर जाड प्लास्टिकचं कव्हर ओढायचं, कडा जमिनीवर पसरायच्या आणि त्यांवर वाळू भरलेल्या लांब पिशव्या मांडायच्या. त्यांना आम्ही साप म्हणतो. एका सापाचं टोक दुसऱ्यावर चढलंच पाहिजे. मध्ये बोटभर फट राहिली, तर आठवड्याची मेहनत तिथून निघून जाते. मग कडेकडेने सिल्व्हर नायट्रेट लावलेला कागद फिरवायचा. तो काळवंडला की समजायचं, इथून गळतंय.

एकदा कागद कुठेच काळा पडला नाही, तरी सातव्या दिवशी कव्हर काढलं तर भुंगे पोत्यावर फिरत होते. शेवटी थप्पी हलवली. खाली फरशीला थप्पीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर होती. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावरचं काँक्रीट किती दिवस एकसंध राहणार? मी वरून, चारी बाजूंनी बंद केलं होतं, गॅस खालून गेला. अर्धवट गॅस तर आणखी वाईट. त्यातून तगलेल्या किड्यांची पुढची पिढी गोळीला दाद देत नाही.

चीर निदान दिसते तरी. विटा, प्लास्टर, काँक्रीट यांत न दिसणारी बारीक छिद्रं असतात आणि वायू त्यांतून वाट काढतो. प्लास्टिकला तसं छिद्रही लागत नाही. वायूचे रेणू त्यात विरघळतात, सरकत सरकत पलीकडे निघतात. शेगावच्या यात्रेत घेतलेला गॅसचा रबरी फुगा दुसऱ्या दिवशी लोळतो, चकचकीत पन्नीचा मात्र कितीतरी दिवस तरंगतो. रबरातून हीलियम निसटतो. पन्नीवर धातूचा पातळ थर असतो, तो त्याला अडवतो.

माझ्या आजाने यातलं काही वाचलं नव्हतं. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत त्याचं ज्वारीचं पेव होतं. आतून कडबा लावलेला, तोंडावर दगड, दगडावर चिखलाचं लिंपण. आत किडा असला तर तो श्वास घेत राही, धान्यही घेई. प्राणवायू संपत जाई, कर्बवायू साचत जाई आणि किडा आपोआप मरे. आता बाजारात आलेल्या हवाबंद पिशव्या म्हणजे आजाचं पेवच, फक्त मातीऐवजी प्लास्टिकचं. पेव फोडलं की आजा लगेच कुणाला खाली उतरू देत नसे. आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. तो विझला की सगळे मागे सरकायचे.

तो कंदील मला हल्ली फार आठवतो. कुणीतरी घरच्या गव्हाच्या कोठीत या गोळ्या टाकतं आणि शेजारच्या खोलीत लेकरं झोपतात. कोठीचं झाकण लावलंय, मध्ये भिंत आहे, एवढ्यावर भरवसा. फॉस्फिन त्या भिंतीला जुमानत नाही. आपल्याकडे या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच करायचा असतो, तो याचसाठी. घरच्या धान्याला कडक ऊन द्या, कडुनिंबाचा पाला घाला, हवाबंद पिशवी वापरा. पण ही गोळी उंबऱ्याच्या आत आणू नका.